चाळीसगावचे तीन तास, हैदराबादचे सात

लहानपणी दर दिवाळीला आम्ही आजोळी धुळ्याला जायचो. जळगावहून चाळीसगाव, तिथं उतरून धुळे पॅसेंजर. मधे दोन-तीन तास सहज जायचे. आई ट्रंकेवर बसायची, आम्ही फलाटावरच्या नळाशी पाणी उडवायचो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन झाली की "गाडी कधी येईल" म्हणून तिला भंडावून सोडायचो.

त्याच स्टेशनाजवळच्या बंगल्यात केकी मूस राहायचे. टेबलटॉप फोटोग्राफीतला, म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून देखावा उभा करायचा आणि त्याचा फोटो काढायचा, त्यातला केवढा मोठा माणूस! मुंबईत जन्मलेला, विलायतेत शिकलेला, आणि सारं आयुष्य चाळीसगावात काढलेला. पंजाब मेलनं कुणी तरी येईल म्हणून ते रोज वाट बघायचे, असं गावात अजून सांगतात. १९८९ साली ते गेले. आज त्या घरात त्यांचं संग्रहालय आहे. मी ते पाहिलं चाळिशी ओलांडल्यावर. तिथल्या फोटोंसमोर उभी राहिले आणि पोटात कालवलं. इतक्या दिवाळ्या आम्ही हाकेच्या अंतरावर बसून काढल्या होत्या, आणि हे घर कुणी दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून प्रवासात मधे वेळ मिळाला की मी खुर्ची धरून बसत नाही. आता आपल्या भागातली माणसंही विमानं बदलत प्रवास करतात. पोरं बंगळुरूला, चेन्नईला, परदेशात. लेओव्हर, म्हणजे दोन विमानांच्या मधला थांबा, मिळाला की सगळे चार्जिंगचा पॉइंट शोधतात आणि मोबाइलमधे डोकं घालतात. वाईट वाटतं मला. एक अख्खं शहर बाहेर उभं असतं हो!

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन भावाकडे विशाखापट्टणमला निघाले. जळगावहून छोट्या विमानानं हैदराबाद, तिथून संध्याकाळचं दुसरं विमान. मधे सात तास. भाऊ म्हणाला, "ताई, लाउंजमधे बसा, आईला जेवण मिळेल, आडवं होता येईल." त्याची काळजी खरी. थांबा रात्रीचा असता तर मीही तेच केलं असतं. पण दिवसाउजेडी सात तास आईनं एसीत कुडकुडत का बसायचं?

हिशोब मात्र उलटीकडून करायचा. देशातल्या विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून दोन तास आधी परत यायचंच. हैदराबादचा विमानतळ शहराबाहेर शमशाबादला आहे. वाटेत शहरातल्या मेहदीपटणमपर्यंत साडेअकरा किलोमीटरचा उड्डाणमार्ग आहे, तरी जायला एक आणि यायला दीड तास धरायचा. सामानाला अर्धा तास. सातातले उरले दोन. आमची तिकिटं वेगवेगळी होती, त्यामुळं बॅगा बेल्टवरून उचलून क्लोकरूमला ठेवाव्या लागल्या. तिकीट एकच असेल आणि सामानाला थेट शेवटच्या गावाचा टॅग असेल तर हेही करावं लागत नाही. एकटी असते तर विमानतळाच्या पुष्पक बसनं गेले असते, आईचे गुडघे बघून टॅक्सी केली.

दोन तासांत चारमिनार, सालारजंग संग्रहालय, बिर्याणी असं सगळं कोंबायला गेलं की कशाचंच काही राहत नाही. एकच ठिकाण ठरवायचं आणि घरून ठरवून निघायचं. मी ठरवलं होतं पब्लिक गार्डन्समधलं राज्य संग्रहालय. शुक्रवारी ते बंद असतं, सालारजंगही, म्हणून वार बघूनच तिकीट काढलं होतं.

का तर अजिंठा. आपल्या खानदेशाच्या शिवेवर डोंगर लागला की पलीकडे निजामाची हद्द होती, आणि लेणी त्या हद्दीत. निजाम सरकारनं १९१४ साली पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख. त्यांच्या काळात चित्रं वाचवायला १९२० च्या सुमारास इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोघं आले. त्या चित्रांच्या हुबेहूब नकला सय्यद अहमद यांच्यासारख्या चित्रकारांनी लेण्यांत बसून केल्या. त्या या संग्रहालयात आहेत.

जळगावहून अजिंठा जेमतेम साठ किलोमीटर. आई लग्नाआधी एकदा गेली होती. आता पायऱ्यांमुळं पुन्हा जाणं नाही, हे तिनं केव्हाच मान्य करून टाकलेलं. त्या दालनात मी तिला बाकावर बसवलं. ती बसली नाही. काठी टेकत एकेका चित्राजवळ जात राहिली. लेण्यांत अंधार असतो, चित्रं लांब असतात, मागून गर्दी ढकलत असते. इथं डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर. एका बाईच्या कमरेच्या वस्त्राचे पट्टे बघत ती बराच वेळ उभी होती.

"हे बघ माय," मला म्हणाली, "असे पट्टे माझ्या आजीच्या लुगड्याला होते."

मग ती आजी, तिचा करडा आवाज, नदीवरची धुणी, सगळं बाहेर येत गेलं. मी पन्नाशीत आहे. यातलं एक अक्षर मी आधी ऐकलं नव्हतं.

बाहेर येऊन इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट घेतलं आणि निघालो. चारमिनारजवळच्या लाड बाजारच्या लाखेच्या बांगड्या राहिल्या. राहू देत. विमानतळावर पोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायला तासभरही उरला नव्हता. मी धरला होता त्यापेक्षा कमी वेळ हातात उरला, म्हणून सांगते, परतीचा अंदाज सढळ ठेवा.

चार-पाच तासांचाच थांबा असेल तर बाहेर पडू नका. परदेशात असाल तर आधी व्हिसा बघा. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर साडेपाच तासांच्या वर थांबणाऱ्यांना फुकट शहर दाखवतात, पण आपल्या पासपोर्टवर तिथं बाहेर पडायचे नियम वेगळे आहेत.

आणि चाळीसगावला गाडी बदलायची असेल, तर स्टेशनातून बाहेर या. मूसांचं घर कुणीही दाखवेल. आईला अजून न्यायचंय मला तिथं. परवा तिनंच विचारलं, "ते फोटोवाले बाबा आपल्या गाडीच्या वेळेला घरातच असायचे का गं?"