इन्स्पेक्टर व्हायचंय ना, मग एक वर्ष गॅरेजात काढा

एएमव्हीआयची, म्हणजे आरटीओतल्या सहायक मोटार वाहन निरीक्षक पदाची तयारी करणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न पगार किती, दुसरा पोस्टिंग कुठं मिळतं. त्यांचं काही चुकत नाही, पण मी ट्रक-बसचं गॅरेज चालवणारा माणूस, म्हणून मनापासून लिहितोय.

सहायक निरीक्षक, मग निरीक्षक, मग एआरटीओ, डेप्युटी, आरटीओ. वर गेलं की फाइली, महसुलाचं टार्गेट, मीटिंगा. जीव वाचवायचं काम खालच्या दोन पदांवरच होतं कारण पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला आलेल्या गाडीला हात निरीक्षकच लावतो. माल आणि प्रवासी गाड्यांना ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेसला यावंच लागतं.

एक जुने साहेब होते, हातात छोटी हातोडी घेऊन चाकाच्या नटांवर टकटक करत जायचे, सैल नट आवाजावरून ओळखायचे. इंजिन बंद करायला लावून ड्रायव्हरला ब्रेक दाबून धरायला सांगायचे आणि हवा कुठं सुटते ते ऐकायचे. जोडचाकातल्या आतल्या टायरवर हात फिरवायचे, कारण घासलेला टायर मालक तिथंच दडवतो. हे कुठल्या क्लासच्या नोट्समधे आहे सांगा बरं?

केंद्राच्या १९८९ च्या अधिसूचनेत डिप्लोमासोबत वर्कशॉपचा एक वर्ष अनुभव आणि जड वाहनाचं लायसन मागितलंय ते उगाच नाही. आपल्याकडं २०१७ च्या ८३३ जागांच्या भरतीत ही अट सैल केली, प्रकरण कोर्टात गेलं. पोरांचं वय चाललेलं, त्यांचे हाल झाले, त्याचं वाईटच वाटतं. पण अट सैल करणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

कुणी म्हणेल आता ऑटोमॅटिक टेस्टिंग सेंटर येतायत, ब्रेक मशीन तपासेल. तपासू दे की, चांगलंच आहे. पण रात्री २ वाजता हायवेवर वायुवेग पथकानं, म्हणजे आरटीओच्या फिरत्या पथकानं ट्रॅव्हल्स थांबवली, आत चाळीस माणसं झोपलेली, तिथं मशीन कुठनं आणणार? तिथं साहेबाचे डोळे न कानच लागतात. २०२२ मधे एकट्या महाराष्ट्रात रस्त्यावर १५ हजारांवर माणसं गेली, सगळी काही गाडीच्या बिघाडानं नाही, पण जी तशी गेली ती वाचू शकली असती.

तर पोरांनो, अभ्यास करा पण सुट्टीत अंगाला ग्रीस लागू द्या. लायसन टेस्टपुरतं काढू नका, लोड भरलेल्या गाडीत जुन्या ड्रायव्हरशेजारी बसून खंबाटकी नाहीतर कसारा घाट एकदा उतरून बघा. आणि गॅरेज मिळत नसेल तर इनबॉक्समधे सांगा, माझ्याकडं या, शिकवतो.