‘३० पाउंडांचा आंतरराष्ट्रीय नियम’ कुठे छापलाय?

‘बॅडमिंटन सुरू करताय? आधी हे वाचा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. फिरता फिरता तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. पोरगी नुकतीच खेळायला लागली आहे. तिने मेसेजबरहुकूम नव्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा बसवण्याचं काम, थेट ३० पाउंडांच्या ताणावर करून आणलं आणि आता कोपर दुखतंय म्हणते. म्हणून हे लिहायला बसलो.

पहिला दावा: ‘आंतरराष्ट्रीय नियमानुसार तार ३० पाउंडांवर ताणावी, ताण जास्त तेवढा स्मॅश जोरात.’ असा नियमच नाही. जागतिक बॅडमिंटन महासंघाची नियमावली कुणालाही वाचायला मिळते. फ्रेम ६८० मिमीपेक्षा लांब आणि २३० मिमीपेक्षा रुंद नको, तारांची वीण सगळीकडे साधारण सारखी हवी, मध्यभागी विरळ नको, असं सगळं त्यात आहे. ताण किती आणि रॅकेटचं वजन किती, याबद्दल चकार शब्द नाही.

बरं, नियम ठेवा बाजूला. स्मॅशचं गणितही उलटंच मांडलंय. थोडी सैल तार शटल लागताच आत दबते आणि ट्रॅम्पोलिनसारखी उसळते, तेवढा जोर आयता मिळतो. घट्ट तार फारशी दबत नाही, म्हणजे सगळा जोर हातातून काढावा लागतो. वर स्वीट स्पॉट, म्हणजे तारांमधली फटका नीट बसण्याची जागा, लहान होतो. नवख्याचा फटका मधोमध कमीच बसतो, आणि कडेला बसला की हादरा थेट मनगटात, कोपरात. मोठे खेळाडू ३० च्या आसपास तार ताणतात हे खरं, पण त्यांचा हात मुळातच वेगाने फिरतो. त्यांना हवा असतो तो ताबा. शिवाय तार तुटली तर त्यांच्या बॅगेत दुसरी रॅकेट तयार असते. नव्या माणसाला २० ते २२ पाउंड पुष्कळ झाले. आणि हँडलच्या वर जो निमुळता भाग असतो तो जरा डोळ्यांजवळ धरून बघा: बऱ्याच रॅकेटींवर तिथेच बारीक अक्षरांत ताणाची मर्यादा छापलेली असते.

पुढे ‘जड रॅकेट घ्या, म्हणजे ५यू.’ इथे मात्र मला हसू आलं. यू हा रॅकेटचा वजनगट, आणि त्याचा आकडा वाढतो तसं वजन उतरतं: ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू ८० ते ८४, ५यू ७५ ते ७९. मेसेज पाळून जड रॅकेट आणायला गेलेला माणूस हलकी घेऊन येईल, आणि नवखा असेल तर त्याचं भलंच होईल!

‘नायलॉनचं शटल नियमात बसत नाही.’ बसतं. तीच नियमावली नैसर्गिक आणि कृत्रिम, दोन्ही साहित्य चालवून घेते. उडणं साधारण पिसांच्या शटलसारखं असावं ही मुख्य अट. पिसांचं शटल हवेत छान मंदावतं आणि खेळ त्यानेच सुधारतो, हे कबूल. पण फ्रेमला लागून रोज पिसं मोडणाऱ्याने नायलॉनवर हात बसवावा.

सगळ्यात धोक्याचा सल्ला तळाशी आहे: ‘धावण्याचे बूट उत्तम, गादी जाड असल्याने गुडघे वाचतात.’ धावण्याचे बूट सरळ पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात. टाच उंच, मऊ. बॅडमिंटनमध्ये पाय सतत आडवा पडतो, बाजूला झेप घेऊन थांबावं लागतं. त्या क्षणी उंच मऊ टाच कलंडते आणि घोटा मुरगळतो. गुडघे वाचवायला निघालेला माणूस घोटा धरून बसतो. बूट बुटक्या तळाचे, गम सोलचे (पकड घेणाऱ्या रबरी तळव्याचे), बाजूंनी पक्के हवेत. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी बूट घ्या, भारी रॅकेट नंतर.

‘जाड ग्रिप म्हणजे पक्की पकड’ हेही नाही. मूठ भरली की बोटांना फिरायला जागा राहत नाही, आणि नेटजवळचा खेळ बोटांवरच चालतो. हँडल बारीकच घ्या. कमी वाटलं तर वर ओव्हरग्रिप, म्हणजे पातळ पट्टी, गुंडाळता येते.