दुखायचं थांबलं म्हणजे दात बरा झाला? अजिबात नाही

मावशीची खालची दाढ फुटाणे खाताना तुटली. एक गणंग दाताखाली आला आणि दाढेचा कोपराच निघाला. चार-पाच दिवस नुसता ठणका, मग थांबला. नेमका तेव्हाच आमच्या नात्यातल्या ग्रुपवर तो मेसेज आला, "दाताच्या डॉक्टरकडे धावू नका, दात आपोआप बरा होतो", खाली सहा मुद्दे आणि शेवटी दहा जणांना पाठवा. मी दोनदा फोन केला तर म्हणाली, "अगं दुखत नाही आता, त्यात लिहिलंय तस्संच झालं बघ." महिन्याभराने ती पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होती, गळ्याखाली चीर देऊन पू काढावा लागला. तो मेसेज अजून फिरतोय, काल ऑफिसातल्या एकीने मलाच पाठवला, म्हणून हे लिहितेय.

पहिला मुद्दा, दुखणं थांबलं की दात आतून भरून आला. सगळ्यात जास्त घात करणारं वाक्य हेच आहे. दाताच्या आत नस असते, तिच्याभोवती कडक भिंत. नसेला सूज आली की फुगायला जागा नाही, म्हणून तो ठणका. आणि ठणका थांबतो तो बऱ्याचदा नस मेली म्हणून. मेलेली नस दुखत नाही, पण जंतू तिथेच असतात, ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे पू साठतो. कधी हिरडीवर पुटकुळी येऊन फुटते, दाब कमी होतो, परत माणूस म्हणतो बरं वाटतंय. खालच्या मागच्या दाढांची मुळं इतकी खोल असतात की पू जिभेखाली आणि गळ्याकडे जाऊ शकतो, मग जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट अडते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये याचं वर्णन केलं, आजही त्याच्याच नावाने ओळखतात. मावशीला शुगर आहे, त्यात तर हे आणखी लवकर पसरतं.

कुणाला वाटत असेल मी घाबरवतेय तर २००७ ची अमेरिकेतल्या मेरीलँडची गोष्ट वाचा, वॉशिंग्टन पोस्टने छापली होती. १२ वर्षांचा मुलगा, किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत गेला, दोन ऑपरेशनं झाली, सहा आठवडे उपचार झाले, तरी गेला. दात काढायला साधारण ८० डॉलर लागले असते, हॉस्पिटलचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला.

दुसरा मुद्दा वाचून तर माझं डोकंच फिरलं. रिंगणीच्या बियांची धुरी घ्या, दातातली अळी पाण्यात पडते! लहानपणी गावाला मी हे बघितलंय, निखाऱ्यावर बिया, वर नळी, नळी तोंडात, खाली पाण्याची परात, आणि खरंच पांढरे बारीक काहीतरी पाण्यात वळवळल्यासारखं दिसायचं. ती अळी नाही हो, ते बियांमधलंच आहे, तापली की बी फुटते आणि आतला वळलेला अंकुर बाहेर पडतो. तोंड नसताना नुसती धुरी पाण्यावर धरा, तरी पडतील. फ्रान्सच्या पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ मध्येच लिहून ठेवलंय की सूक्ष्मदर्शकातून बघूनही त्याला दातात अळी सापडली नाही. आपण "दाताला कीड लागली" म्हणतो ना, त्या शब्दानेच घोटाळा केलाय. कीड म्हणजे जंतू, ते साखर खाऊन आम्ल करतात आणि आम्लाने दात विरघळतो. धुरीने तोंड भाजेल, दाढेचा खड्डा आहे तिथेच राहील.

तिसरा मुद्दा, लवंगेचं तेल लावा. बरं, हे मान्य करते. त्यातल्या युजेनॉलने दुखणं खरंच कमी होतं, डॉक्टरही ते वापरतात. अजून एक मान्य, दातावर नुसता पांढरट डाग असेल, खड्डा पडला नसेल, तर फ्लोराइडने तो सावरू शकतो. पण तुटलेला कोपरा परत उगवत नाही, दाताच्या वरच्या थरात जिवंत पेशीच नसतात, भरून काढणार कोण? आणि त्याच ओळीत मिश्री लावा लिहिलंय. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तोंडाचा कॅन्सर हवाय का?

घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घ्या, हा चौथा. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक नको, दातावर उपचार करा. ताप असेल, संसर्ग पसरत असेल तर गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टर ठरवणार, तुमचा डबा नाही.

पाचवा मुद्दा, रूट कॅनलने, म्हणजे दातातली खराब नस काढून पोकळी भरतात त्याने, कॅन्सर होतो. हे वेस्टन प्राइस नावाच्या डेंटिस्टच्या शंभर वर्षांपूर्वीच्या प्रयोगांवरून उचललेलं, नंतर नीट केलेल्या प्रयोगांत ते टिकलं नाही. सहावा, वरचा दात काढला की नजर जाते, तेही खोटं, दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी. उलट वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला तर डोळ्याखाली सूज येते, म्हणजे डोळ्याला धोका दात तसाच ठेवण्यात आहे.

खर्च परवडत नाही हे मात्र मला कळतं, मावशीचंही खरं कारण थोडं तेच होतं. मुंबईत नायर दंत महाविद्यालय आहे, मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे कमी पैशात होतं, रांग असते पण होतं. आणि वेळेत गेलं तर नुसतं फिलिंग, उशीर केला की रूट कॅनल आणि कॅप, अजून उशीर केला की दाढच गेली.

तोंड दोन बोटंही उघडत नसेल, थुंकी गिळता येत नसेल, हनुवटीखाली टणक सूज असेल, आडवं झाल्यावर गुदमरत असेल तर क्लिनिक उघडायची वाट बघू नका, त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलला जा. मावशीला त्या रात्री हे सगळं होत होतं आणि ती उशीला टेकून, गालाला हळदीचा लेप लावून, सकाळ व्हायची वाट बघत बसली होती.