वस्ताद बदलला, हौदा तोच

२०२५ च्या मे महिन्याच्या ८ तारखेला मुलाचा शाळेतून मेसेज आला, "आई, शेल्टनला काढलं!" शेल्टन म्हणजे पिट्सबर्ग पायरेट्स या आमच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर. माझं सोळा वर्षांचं पोर, आणि आनंद असा की जणू वार्षिक परीक्षाच रद्द झाली. संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याला वाटलं, मीही खूश असेन. मी नव्हते. का नाही, हे त्याला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता मोसम संपलाय, थंडी सुरू झालीय, डोकं शांत आहे, म्हणून लिहिते. लांब होईल. पण ज्यांना बेसबॉलचा गंध नाही त्यांनीही वाचावं, कारण मला जे म्हणायचंय ते कोल्हापूरच्या माणसाला माझ्याआधी कळेल.

मी पिट्सबर्गला आले २००५ च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा पायरेट्सचा मॅनेजर होता लॉइड मॅक्लेंडन. आमची खोकी उघडून होईपर्यंत, सप्टेंबरात, त्याला काढलं. मग जिम ट्रेसी दोन वर्षं. जॉन रसेल तीन वर्षं. क्लिंट हर्डल नऊ वर्षं. डेरेक शेल्टन पाच वर्षं आणि वर थोडे आठवडे. आता डॉन केली. वीस वर्षांत एवढी माणसं त्या बाकावर बसून गेली. पायरेट्सने शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपद, जिंकली १९७९ साली, आणि १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस मोसम त्यांनी जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरले. अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या व्यावसायिक खेळात असं दुसऱ्या कुणाचं झालेलं नाही. त्यातली आठ वर्षं मी स्वतः पाहिली आहेत.

आता मॅनेजर म्हणजे काय, ते थोडक्यात. क्रिकेटमधल्या कोचची आणि कर्णधाराची बरीचशी कामं बेसबॉलमध्ये एकाच माणसाकडे असतात. आज कोण खेळणार, कुठल्या क्रमाने बॅटिंग, दमलेल्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) कधी बाहेर काढायचं, हे सगळं तो ठरवतो. पण संघात खेळाडू कोण असावेत, हे तो ठरवत नाही. ते जनरल मॅनेजर ठरवतो, आणि त्याच्या हातात पैसे किती द्यायचे ते मालक ठरवतो. शेल्टन गेला तेव्हा संघ १२ जिंकून २६ हरलेला होता. त्याला ते खेळाडू देणारे जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन २०१९ पासून आहेत तिथेच आहेत. मालक बॉब नटिंगही तेच.

माझे आजोबा आमच्या पेठेतल्या तालमीत वस्ताद होते. मोठं नाव वगैरे नाही, पण पहाटे चारला उठून पोरांकडून मेहनत करून घेणारा माणूस. मैदानात पट्ठा हरला की गावातले लोक आजोबांकडे बोट दाखवायचे, आणि आजोबा म्हणायचे, "कुस्ती आज हरलेली नाही. दोन वर्षांमागं खुराक कमी पडला, तेव्हाच हरलीय." पायरेट्स हरायला लागले की मला हे वाक्य ऐकू येतं.

बेसबॉलचा हौदा म्हणजे मायनर लीग, मुख्य संघाखालचे शिकाऊ संघ. पायरेट्सचा पोरगा फ्लोरिडातल्या ब्रॅडेन्टनला सुरुवात करतो, तिथून ग्रीन्सबरो, मग अल्टूना, मग इंडियानापोलिस, आणि मग कुठे ॲलेगेनी नदीकाठच्या त्या देखण्या मैदानावर. चार पायऱ्या. जे पोहोचतात त्यांना बहुधा तीन-चार वर्षं लागतात, बहुतेक पोहोचतच नाहीत. क्रिकेटमध्ये एकोणीस वर्षांचा मुलगा थेट आयपीएलमध्ये चमकलेला आपण पाहतो, इथे ते जवळजवळ अशक्य. त्यामुळे गरीब संघाचं सगळं भवितव्य त्या चार पायऱ्यांवर असतं. न्यू यॉर्क किंवा लॉस एंजेलिस तयार खेळाडू बाजारातून उचलतात, बेसबॉलमध्ये पगारावर कमाल मर्यादा नाही. पिट्सबर्गला पोरं घडवावीच लागतात.

आणि इथेच माझं रडगाणं सुरू होतं.

गेरिट कोल. पिचर, २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकाने घेतलेला. इथे तो चांगलाच खेळला, २०१५ साली १९ सामने जिंकला, ते नाकारत नाही. पण त्या काळात इथली शिकवण अशी होती की चेंडू खाली ठेवायचा, बॅटरला जमिनीवर मारायला लावायचं, आणि क्षेत्ररक्षक आधीच त्या जागी उभे करायचे. हर्डल आणि पिचिंग कोच रे सिअरेज यांनी याच जोरावर २०१३ ते २०१५ ची ती तीन सोनेरी वर्षं दिली. ए. जे. बर्नेट, फ्रान्सिस्को लिरियानो यांच्यासारख्या उतरणीला लागलेल्या पिचरना पुन्हा उभं केलं. २०१३ च्या त्या वाइल्ड कार्डच्या (एकाच सामन्याच्या बाद फेरीच्या) रात्री सगळं पीएनसी पार्क, आमचं मैदान, काळ्या कपड्यांत होतं, चाळीस हजार लोक सिनसिनाटीच्या पिचरच्या नावाने "क्वेटो, क्वेटो" असा एका सुरात घोष करत होते, त्याच्या हातून चेंडू पडला, आणि लगेच रसेल मार्टिनने होम रन (आपल्या षटकारासारखी) मारली. मुलगा चार वर्षांचा होता, माझ्या मांडीवर झोपलेला. माझ्या ओरडण्याने दचकून उठला आणि रडायला लागला. मीही रडतच होते.

पण दुनिया बदलली. बॅटर खालचा चेंडू वर उचलून मारायला शिकले. बाकीचे संघ त्याप्रमाणे बदलले, पायरेट्स बदलले नाहीत. २०१७ ला कोलने नऊ इनिंगमागे सरासरी ४.२६ धावा दिल्या. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ह्यूस्टनला देऊन टाकलं. ह्यूस्टनने त्याला सांगितलं, तो खाली वळणारा चेंडू कमी कर, तुझा सरळ वेगवान चेंडू वरच्या भागात टाक. त्याच वर्षी सरासरी आली २.८८ वर. २०१९ मध्ये ३२६ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर. माणूस तोच, हात तोच, फक्त घर बदललं.

टायलर ग्लासनो. सहा फूट आठ इंच. हाही पिचर, पिट्सबर्गला २०१७ मध्ये सरासरी ७.६९. जुलै २०१८ च्या शेवटच्या दिवशी त्याला, ऑस्टिन मेडोजला आणि मागाहून शेन बाझला टँपा बेला दिलं, बदल्यात ख्रिस आर्चर घेतला. पुढच्या वर्षी ग्लासनो १.७८. आर्चर इथे काहीच करू शकला नाही आणि निघून गेला. आणि कोलच्या बदल्यात आलेला जो मस्ग्रोव्ह? त्यालाही विकलं. सॅन डिएगोला जाऊन त्याने २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या संघाच्या इतिहासातला पहिला नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात एकही हिट दिली नाही. म्हणजे विकलेल्याच्या बदल्यात आलेला माणूससुद्धा बाहेर जाऊनच फुलला. त्या रात्री मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ तशीच बसले.

२०१९ च्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी हर्डलला काढलं, महिन्याभरात जनरल मॅनेजर नील हंटिंग्टनलाही. तेव्हा मला वाटलं होतं, चला, आता मुळापासून होईल. चेरिंग्टन आले, संघ पाडून पुन्हा बांधायचा म्हणाले, आपण सगळ्यांनी ते मान्य केलं. २०२१ ला १०१ हार. २०२२ ला १००. ठीक आहे म्हटलं, पाया खणतायत. २०२३ ला ७६ विजय, २०२४ ला पुन्हा ७६, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये सलग दहा सामने हरून आशेवर पाणी. २०२५ ला ७१. सहा वर्षांनी इमारत पहिल्या मजल्यावरून खाली यायला लागली तर पायाबद्दल विचारायचं नाही का?

पिचिंग सुधारलंय, हे मान्य केलंच पाहिजे. बबा चँडलर तिसऱ्या फेरीतला मुलगा, या ऑगस्टमध्ये वर आला. पण मिच केलर कसा सावरला? २०२१ मध्ये ६.१७ ची सरासरी घेऊन तो हिवाळ्यात बाहेरच्या एका खासगी केंद्रात जाऊन शिकला, आणि २०२३ मध्ये ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक सर्वोत्तमांतला, झाला. घरच्या तालमीत जे मिळायला हवं होतं ते पोरगं शेजारच्या गावात जाऊन शिकून आलं.

बॅटिंगचं तर विचारूच नका. हेन्री डेव्हिस, २०२१ चा पहिल्या क्रमांकाचा ड्राफ्ट, कॅचर (यष्टिरक्षकासारखा). वर आणला आणि राइट फील्डला, दूर सीमेकडे, उभा केला. मग परत कॅचर. ओनील क्रूझ, ज्याच्या बॅटवरून यावर्षी ताशी १२२.९ मैलांनी चेंडू गेला, तो शॉर्टस्टॉपवरून (बॅटरजवळच्या आतल्या जागेवरून) २०२४ च्या ऑगस्टमध्ये, मोसम चालू असताना, मागच्या सेंटर फील्डला नेला. जागा बदलणं चूक नाही. पण हे खालच्या पायरीवर करायचं असतं, जिथे चुकलं तर चालतं. पहिल्याच मोठ्या मैदानात उतरलेल्या पोराला "आजपासून डाव्या पायाने डाव टाक" म्हणून सांगणारा वस्ताद मी पाहिलेला नाही. २०२५ मध्ये पायरेट्सच्या होम रन सगळ्या ३० संघांत सर्वात कमी. धावाही सर्वात कमी. त्यांनीच निवडून, त्यांनीच घडवून मोठा झालेला शेवटचा बॅटर कोण, म्हणाल तर माझ्या मते अँड्र्यू मॅककचन, आणि त्याचा ड्राफ्ट झाला २००५ साली. म्हणजे मी इथे आले त्या वर्षी.

आणि या सगळ्यात पॉल स्कीन्स. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, असा पिचर एखाद्या शहराला पिढीत एकदा मिळतो. या मोसमात १.९७ ची सरासरी, आणि नोव्हेंबरात एकमताने साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार. पायरेट्सला यापूर्वी तो मिळाला होता १९९० मध्ये, डग ड्राबेकला. आणि स्कीन्सच्या नावापुढे विजय किती? १०. पराभव? १०. नऊ इनिंगमागे दोन धावासुद्धा न देणारा मुलगा दहा वेळा हरला. तो उठून बाकावर जाऊन बसतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नसतो, हेच मला बघवत नाही.

लोक म्हणतात, पैसा नाही, छोटं शहर आहे. नटिंग यांनी पैसा सोडावा, हे माझंही म्हणणं आहे. पण मिलवॉकी बघा. आपल्याच गटात, पिट्सबर्गहून छोटी बाजारपेठ. त्यांचा नावाजलेला मॅनेजर क्रेग कौन्सेल २०२३ नंतर शिकागोला गेला. सगळ्यांना वाटलं, झालं. पॅट मर्फी आले, आणि संघ पुढच्या वर्षी ९३ जिंकला, यावर्षी ९७, अख्ख्या लीगमध्ये सर्वात जास्त. त्यांच्याकडे खालून पोरं येतच राहतात.

आणि आपल्याच पायरेट्सचा जुना दाखला आहे की. जिम लेलँड १९८६ ला आले तेव्हा पहिल्याच वर्षी संघ ९८ सामने हरला. त्यांना ठेवलं. बॅरी बाँड्स, बॉबी बोनिया यांच्यासारखी पोरं त्यांच्या हाताखाली मोठी झाली, आणि १९९० ते ९२ सलग तीन वर्षं गट जिंकला. माझी शेजारीण अजून त्या वर्षांबद्दल बोलताना हात जोडते.

एक गोष्ट आपल्या लोकांना विशेष सांगायची आहे. २००८ मध्ये याच संघाने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये आलेले पहिले भारतीय. बेसबॉल कधी हातात न घेतलेली मुलं, एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेली. दिनेश दोन वर्षांत परतला. रिंकू वेस्ट व्हर्जिनियातल्या संघापर्यंत चढला, मग हाताच्या दुखापतींनी थांबला. ते वर पोहोचले नाहीत याचं मला वाईट वाटत नाही, कारण करारानंतर शिकवत त्यांना तिथवर नेणारे कोच याच संघाच्या खालच्या पायऱ्यांवर होते. शिकवणारी माणसं या घरात आहेत. म्हणूनच माझा जीव तुटतो.

डॉन केलीवर माझा राग नाही, उलट माया आहे. इथलाच पोरगा, माउंट लेबननच्या शाळेत शिकलेला, पॉइंट पार्क विद्यापीठात खेळलेला, डेट्रॉइटला लेलँडच्या हाताखाली तयार झालेला. त्याने संघ हाती घेतल्यावर ५९ विजय आणि ६५ हार झाल्या, म्हणजे आधीपेक्षा नक्कीच बरं, आणि करार वाढवून मिळाला ते योग्यच झालं. मुलगा म्हणतो, "बघ, बदललं ना?" बदललं. पण पुढच्या जूनमध्ये बॅट चालल्या नाहीत तर याच केलीकडे बोट जाईल, आणि स्टेडियममध्ये ओरडणाऱ्यांत कदाचित माझा मुलगाही असेल. ते मला नको आहे. माझी मागणी एवढीच आहे, की पुढच्या वेळी कुणाला जाब विचारायचा असेल तर ब्रॅडेन्टनपासून इंडियानापोलिसपर्यंत बॅटिंग शिकवण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, आणि त्यांना ज्यांनी नेमलं, त्यांना विचारा.

सप्टेंबरात आम्ही दोघं गाडीने अल्टूनाला गेलो, दोन तास. कॉनर ग्रिफिनला बघायला. एकोणीस वर्षांचा, मिसिसिपीचा, २०२४ ला नवव्या क्रमांकावर घेतलेला. यावर्षी ब्रॅडेन्टन, ग्रीन्सबरो, अल्टूना अशा तीन पायऱ्या एका उन्हाळ्यात चढला. बॅटिंगची सरासरी .३३३, २१ होम रन, ६५ स्टील (पळून चोरलेले बेस). त्या छोट्या मैदानात उजव्या बाजूच्या कुंपणामागे जुना रोलर कोस्टर दिसतो. आम्ही तासभर आधी पोहोचलो, तेव्हा तो शॉर्टस्टॉपवर सराव करत होता. एक कोच त्याला चेंडू मारून देत होता, तोच चेंडू, त्याच बाजूला, पुन्हा पुन्हा. मध्येच थांबून त्याच्या जवळ गेला, त्याचा पुढचा पाय हाताने थोडा वळवला, मागे आला, परत मारायला लागला. मुलगा जिना उतरून जाळीला नाक लावून उभा राहिला. मी वही काढली आणि त्या कोचच्या पाठीवरचा नंबर लिहून घेतला.