रुपयाला जास्त टके येतात म्हणून आपण राजे?

रविवारी सकाळी आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. वर ठळक अक्षरात 'बांगलादेश: भिकाऱ्यांचा देश', खाली सहा मुद्दे आणि शेवटी 'भारतात जन्मलो हे भाग्य, दहा जणांना पाठवा'. एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण दुपारी ताईचा फोन आला. तिने तोच मेसेज भाचीला मोठ्याने वाचून दाखवला होता. पोरगी अकरावीत आहे, तिला नर्सिंगला संभाजीनगरला जायचंय, आणि घरात स्थळांची कुजबुज सुरू झालीय. "बघ, तिकडच्या पोरी कारखान्यात कशा मरतात. तू लई सुखात हायस म्हन." म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा असा की आपल्या एका रुपयाला त्यांच्या चलनातला एकाहून जास्त टका येतो, म्हणजे आपण त्यांच्याहून श्रीमंत. दाजी, एका रुपयाला जपानचे दीडच्या वर येन येतात. या हिशेबाने पुढच्या हंगामाला जपानी माणसांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन ऊसतोडीच्या फडावर आणायला हरकत नाही. कापूस क्विंटलऐवजी किलोत मोजला म्हणून घरात जास्त येत नाही. आणि कापसावरून आठवलं, आपला कापूस आणि सूत घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांत हाच 'भिकाऱ्यांचा देश' आहे.

मग 'लोक अन्नावाचून लवकर मरतात'. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल दरवर्षी निघतो. २०२५ च्या अहवालात भारत १३० वा आहे. बांगलादेश? तोही १३० वाच. दोघांचा निर्देशांक ०.६८५. दरडोई उत्पन्नात आपण थोडे पुढे, शाळेच्या वर्षांत उन्नीस-बीस. पण सरासरी आयुर्मान आपलं ७२ वर्षं आणि त्यांचं ७४.७. खिशात पैसे आपल्याकडे जास्त आणि जगतात ते जास्त, याचं काय करायचं ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

आपल्याकडे ७२ चा दुष्काळ पडला, लोक खडी फोडायला गेले. त्यांच्याकडे ७१ ला युद्ध आणि ७४ ला दुष्काळ. तिथून ते इथवर आले त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. १९८० पासून दहा वर्षं 'ब्रॅक' संस्थेच्या बाया दारोदार फिरून आयांना शिकवत होत्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा लिटर पाणी, जुलाब लागलेल्या लेकराला हे पाजायचं. एक कोटीहून जास्त घरं झाली. नंतर तपासणीस जायचा आणि आईला ते कितपत जमतं त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. नुसती सही घेऊन भागत नव्हतं.

संडासाबद्दल मेसेजने बोलायलाच नको होतं. बांगलादेशात १९९० ला साधारण तिसरा हिस्सा लोक उघड्यावर जात. २०१५ पर्यंत ते प्रमाण एक टक्क्यावर आलं. आपल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ ला, १९ टक्के घरं संडास वापरत नव्हती. आमच्या गल्लीतल्या एका संडासात अजून पऱ्हाट्या रचलेल्या आहेत, कोरड्या राहतात म्हणून.

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो. 'त्यांच्या बाया कारखान्यात राबतात, आपल्या बाया घरच्या राण्या.' २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साभारला राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं मेली, त्यात बहुतेक कपडे शिवणाऱ्या बायाच. हे खरं आहे आणि भयंकर आहे. पण राण्या म्हणजे नेमक्या कोण? ऑक्टोबरात टेम्पोत भांडीकुंडी, शेळी आणि लेकरं घालून जातात त्या? पहाटे चारला कोपीतून उठून भाकरी थापून फडात उतरणाऱ्या? २०१९ ला सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, हे त्या बायाच सांगतात. शिवणयंत्रावरच्या बाईच्या हातात निदान तिच्या नावाचा पगार पडतो. आपल्याकडे उचल जोडीला, ती पण बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा, म्हणून पोराचं लग्न उरकायची घाई, आणि पोरीचं त्याहून जास्त.

इथे मला एक कबूल करावं लागतं, जिवावर आलंय तरी. बालविवाहात बांगलादेश आपल्यापेक्षा वाईट आहे. तिथे विशीतल्या जवळपास निम्म्या बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं असतं. भारतात हेच प्रमाण त्या पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २३ टक्के निघालं. मेसेजवाल्याचा हा मुद्दा खरा. फक्त त्याच सर्वेक्षणात जिल्ह्यांचं पान उघडा. बीड ४३.७ टक्के. आपला परभणी जिल्हा ४८.

पुराचं आणि ऑगस्ट २०२४ ला तिथल्या पंतप्रधान शेख हसीनांना देश सोडून पळावं लागलं त्याचं म्हणाल तर दोन्ही खरं आहे. तिथे गोंधळ झालाच, पण त्यावरून परभणीतल्या पोरीने किती शिकायचं हे ठरत नाही.

यातला परभणीचा आकडा तेवढा मी ग्रुपवर टाकला. दाजींनी अंगठा दाखवलाय, वाचलं की नाही देव जाणे. ताईला मात्र फोनवर सांगितलंय, पोरीला अठरा पुरी व्हायला अजून चौदा महिने आहेत.