ब्लूज खोलीसकट ऐकावा

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, आवडतो म्हटलं की समोरून दोनांपैकी एक उत्तर येतं. एक, "म्हणजे ती रडगाणी ना?" दुसरं म्हणजे लगेच गिटारवाल्यांची यादी, त्यात सगळे पुरुष आणि निम्मे इंग्लंडचे. पूर्वी मी हसून सोडून द्यायचे. हल्ली वाद घालायची हौस वाढली आहे, म्हणून ही पोस्ट. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

रात्री एकट्याने हेडफोन लावून उसासे टाकायचं संगीत म्हणजे ब्लूज, हा समज रेकॉर्डमुळे पसरला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी डेल्टात हे गाणं वाजायचं ते शनिवारी रात्री, आणि लोक त्यावर नाचायचे. आठवडाभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायचा, वर्षाअखेरी हिशेबाला बसलं की मालक उलट तुमच्याच नावावर उधारी काढणार. मग शनिवारी कुणाच्या तरी लाकडी घरातलं सामान बाहेर काढायचं. आत तळलेले मासे, हातभट्टीची दारू आणि कोपऱ्यात गिटार घेऊन बसलेला एक माणूस. अशा जागांना ज्यूक जॉइंट म्हणायचे. चार्ली पॅटन हा डॉकरी प्लँटेशन या कापसाच्या मळ्याच्या आसपास वाजवणारा गडी गिटार डोक्यामागे धरायचा, पायांत धरायचा, तिच्या लाकडावर थापा मारायचा. सन हाउस या त्याच्या ब्लूज गाणाऱ्या सोबत्याला हा थिल्लरपणा वाटे. मला नाही वाटत. माइक नाही, खोली खच्चून भरलेली, सगळे पाय आपटताहेत, अशा वेळी गाणं पोचवायचं तर थोडी नौटंकी लागणारच.

गाण्याची बांधणीही त्या खोलीतलीच आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरी ओळ पहिल्या दोघींचा निकाल लावते. दुसऱ्यांदा ओळ आली की लोकांना ओरडायला जागा मिळते, आणि गाणाऱ्याला तिसरी सुचायला उसंत. ऐकणारेच नसतील तर त्या पुनरुक्तीला निम्माच अर्थ उरतो. (रॉबर्ट जॉन्सन या गिटारवाल्याने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची दंतकथा कमेंटमध्ये कुणी टाकू नका. कंटाळा आलाय.)

आता त्या पुरुषांच्या यादीकडे वळते. ब्लूजचे पहिले मोठे स्टार बायका होत्या. १९२० मध्ये मेमी स्मिथ या गायिकेचं रेकॉर्ड तुफान खपलं, तेव्हा कंपन्यांना कळलं की कृष्णवर्णीय लोकही पैसे मोजून रेकॉर्ड घेतात. पण या बायकांचं खरं राज्य तंबूत होतं. गावोगाव तंबू ठोकायचा, नाच, विनोद, गाणी आणि शेवटी मुख्य गायिका. आपल्या कनातीतल्या तमाशाची आठवण आल्याशिवाय राहत नाही. मा रेनी या गायिकेची एंट्री वाचून मी वेडी झाले होते. स्टेजवर अवाढव्य ग्रामोफोनचा देखावा. एक मुलगी येऊन त्यावर भलीमोठी रेकॉर्ड ठेवते, आतून आवाज सुरू होतो, मग ग्रामोफोनचं दार उघडतं आणि गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ घालून बाई स्वतः बाहेर येतात. रेकॉर्ड ऐकून आलेल्या लोकांना रेकॉर्डमधून बाहेर येऊन दाखवायचं! शंभर वर्षांपूर्वी! बेसी स्मिथचा दरारा वेगळाच. १९२७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेची माणसं तिचा तंबू पाडायला आली. बाई बाहेर गेली, त्यांना शिव्या हासडून पळवून लावलं आणि परत येऊन गायला लागली. आणि म्हणे रडगाणी.

नंतर माणसं उत्तरेकडे गेली तसं गाणंही गेलं. मडी वॉटर्स हा डेल्टातला गिटारवाला १९४३ मध्ये शिकागोला आला. तिथल्या बारमध्ये साधी गिटार कुणाच्या कानावरच पडेना, म्हणून त्याने इलेक्ट्रिक घेतली. शिकागो ब्लूजचा तो दणदणीत आवाज कुणी टेबलाशी बसून शोधलेला नाही, गिऱ्हाइकांच्या गलक्यावर मात करायला तो वाढवावा लागला. रविवारी तिथल्याच मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात तर वाजवणारे शेजारच्या घरातून वायर ओढून अँप्लिफायर लावायचे आणि त्या घरवाल्याला विजेचे पैसे द्यायचे.

आता माझा माणूस. गिटारवाला बडी गाय. (नावावरचे विनोद करून झाले असतील तर पुढे जाऊ.) जन्म १९३६, लुइझियानातलं लेट्सवर्थ. तरुणपणी त्याने गिटार स्लिम या ब्लूजवाल्याचा कार्यक्रम पाहिला. बँड स्टेजवर, गिटारचा आवाज येतोय, पण वाजवणारा दिसत नाही. मग लांबलचक वायर ओढत तो दारातून वाजवत आत आला. बडीने ते डोक्यात ठेवलं. १९५७ मध्ये शिकागोला आल्यावर वायर लावून तो बारच्या काउंटरवर चढायचा, वाजवत वाजवत बाहेर रस्त्यावर जायचा. पण चेस रेकॉर्ड्स या कंपनीच्या स्टुडिओत मालक लिओनार्ड चेसला हा सगळा गोंगाट वाटे. तिथे बडीने इतरांच्या मागे शिस्तीत वाजवायचं. दिवसा तो टो-ट्रक चालवायचा. पुढे हाच गोंगाट इंग्लंडची पोरं करू लागली, त्यांची रेकॉर्ड्स धडाधड खपली, तेव्हा चेसने त्याला बोलावलं, पाठमोरा होऊन वाकला आणि म्हणाला, लाथ घाल मला. ही गोष्ट बडी स्वतः सांगतो, आणि चवीने सांगतो. म्हणजे ज्यांनी त्याला स्टेजवर पाहिलं होतं त्यांना जे ठाऊक होतं, ते रेकॉर्डवर यायला किती वर्षं गेली बघा.

हा माणूस आपल्या वांद्र्यात आला. २०११ मध्ये मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी तो होता, आणि नंतर येत राहिला. २०२३ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा ८६ वर्षांचा होता. ठिपक्यांचा शर्ट. आईला त्याने थाप मारली होती की शिकागोला जाऊन तुला ठिपक्याठिपक्यांची कॅडिलॅक घेऊन देईन; ते ठिपके आता त्याच्या गिटारवरही असतात. गिटारवर टॉवेल घासणं, ड्रमस्टिकने वाजवणं, सगळा खेळ करतो. पण मी जाते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. पूर्ण ताकदीने चाललेलं गाणं तो अचानक हाताने खाली दाबतो. बँड जवळजवळ गप्प. गिटारच्या तारेवर नख लागल्याचं ऐकू येईल इतकं बारीक वाजवतो, माइकपासून मागे सरकतो आणि तसाच गातो. समोर हजारो लोक. मागच्या रांगेपर्यंत ते पोचतं कारण सगळे कान पुढे करतात. मग एकच सूर, पूर्ण आवाजात, थोबाडीत मारल्यासारखा. असं काही मोबाईलच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकून बघा. मधला भाग नुसता खरखर येतो.

त्यामुळे आवाज बारीक झाला की बोलायला सुरुवात करणाऱ्या मंडळींबद्दल माझं मत चांगलं नाही. हे मी बऱ्याच शोजमध्ये पाहिलंय, इथेही आणि बाहेरही. जोरात वाजतंय तोवर गप्प, कारण बोललेलं ऐकू येत नाही. शांत झालं की ऑफिस, फ्लॅटचं पझेशन, कुणाचा साखरपुडा. दाद द्यायला, ओरडायला माझी अजिबात हरकत नाही, उलट ओरडाच. ब्लूजला दबकून बसलेले श्रोते मानवत नाहीत. पण ते ओरडणं गाण्याला उत्तर असावं.

ते उत्तर म्हणजे काय, हे ऐकायचं असेल तर गायक-गिटारवादक बी. बी. किंगचं शिकागोच्या रीगल थिएटरमधलं २१ नोव्हेंबर १९६४ चं रेकॉर्डिंग काढा. त्यात मला सगळ्यात जास्त आवडतात त्या ओरडणाऱ्या बायका. घर दिलं, गाडी दिली असा पाढा वाचत तो सात मुलांवर येतो तेव्हा थिएटर फुटतं. किंग गाताना वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही. आधी तो म्हणतो, मग गिटार बोलते, मग लोक. तिघांचं संभाषण चाललंय. त्याला आईच्या नात्यातल्या बुका व्हाइटसारखं स्लाइडने, म्हणजे तारेवर नळी सरकवत, वाजवणं जमेना, तेव्हा बोटानेच तार हलवून त्याने तो थरथरता सूर काढला. एका सुरावर तो जितका वेळ घालवतो, तेवढ्यात आजचा वेगवान गिटारवाला सगळी गिटार पालथी घालतो. आपल्या कानाला सुराच्या आंदोलनाची सवय आहे, सूर कुठून निघून कुठे पोचला ते आपण ऐकतो. तरी आपल्याकडे टाळ्या पडतात त्या वेगालाच, हे मला खरंच कळत नाही. या माणसाने १९५६ या एका वर्षात ३४२ कार्यक्रम केले. रियाझ कुठे झाला म्हणाल, तर लोकांसमोर.

"कापूस वेचणाऱ्यांचं गाणं आणि तुम्ही महागडं तिकीट काढून हातात बिअरचा ग्लास घेऊन ऐकता," असा टोमणा एका मित्राने मारला होता. मारू दे. टो-ट्रक चालवून पोट भरणाऱ्या माणसाला म्हातारपणी चांगले पैसे मिळत असतील तर माझं तिकीट सत्कारणी लागलं. खटकतं ते वेगळंच. वर्षातून एकदा दोन दिवस ब्लूजप्रेमी व्हायचं आणि बाकी वर्षभर शहरातल्या छोट्या जागी कुणी वाजवत असेल तर तिकडे फिरकायचं नाही. शिलाँगचा सोलमेट हा बँड घ्या. रूडी वॉलँग आणि टिप्रिती खारबांगर २००३ पासून हेच करताहेत, २००७ मध्ये अमेरिकेत मेम्फिसच्या इंटरनॅशनल ब्लूज चॅलेंज या स्पर्धेला जाऊन आले. टिप्रिती गाते तेव्हा पहिल्या दोन रांगांत उभं राहून बघा, आणि मग मला सांगा की भारतीयांना ब्लूज जमत नाही.

मिसिसिपीत क्लार्क्सडेलला १९९९ मध्ये जन्मलेला गिटारवाला किंगफिश इंग्रॅम २०२३ ला मुंबईत येऊन गेला. तोही वाजवत वाजवत लोकांत उतरतो. वायरलेसचा जमाना, वायर ओढायला नको, तरी उतरतोच. म्हणजे गिटार स्लिमकडून बडीकडे आणि बडीकडून याच्याकडे आलं ते हे, लोकांत घुसणं. सूर तर काय, यूट्यूबवरूनही शिकता येतात.

पुढच्या शोला मी डाव्या बाजूला असेन, स्पीकरपासून जरा लांब. भेटा जरूर. बोरिवलीपर्यंत परत जायचं असल्यामुळे माझा एक डोळा शेवटच्या लोकलवर असतो, पण शेवटचा जॅम, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवणं, टाकून मी जात नाही. गप्पा मारायच्या असतील तर दोन बँडच्या मधल्या वेळात या, पाव-भाजी माझ्याकडून. गाणं चालू असताना फ्लॅटच्या पझेशनबद्दल बोललात तर ओळख दाखवणार नाही.