मिठाने बुंधा कुजत नाही, टिकतो

पावसाळा जवळ आला की आमच्याकडे मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यात लिहिलेलं असतं : तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला भोकं पाडा, खडेमीठ किंवा एप्सम सॉल्ट भरा, वर उकळतं पाणी ओता. पंधरा दिवसांत बुंधा भुसभुशीत. उरलेल्यावर रॉकेल टाकून काडी लावा. मजूर नको, जेसीबी नको, झाड कुठलंही असो.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या आगरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या वाडीत, माड, पोफळी आणि एक जुना फणस पडला. त्यांचे बुंधे काढताना आम्ही घाम गाळलाय. लोक या संदेशावर विश्वास ठेवून स्वतःची जमीन खारवतात, ते मला बघवत नाही.

मिठाचंच आधी घेऊ. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल हवी, हवा हवी, थोडं नत्र हवं. मीठ ओलच शोषून घेतं. आपण कैऱ्या मिठाच्या पाण्यात वर्षभर ठेवतो, बांगडे खारवून वाळवतो, फणसाचे गरे खारात घालतो ते कुजू नयेत म्हणूनच ना? मग तेच मीठ फणसाच्या बुंध्यात भरल्यावर बुंधा कसा कुजेल? भरपूर मिठाने जिवंत बुंध्याचे फुटवे मरतील एक वेळ. पण मरणं वेगळं आणि कुजणं वेगळं. मेलेलं फणसाचं लाकूड वर्षानुवर्षं तसंच घट्ट राहतं. आणि माडाच्या बुंध्यात मीठ? आपल्याकडे माड लावताना खड्ड्यातच मीठ टाकायची जुनी रीत आहे!

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पिवळ्या पडलेल्या माडाला ते खत म्हणून देतात.

शिवाय ते मीठ तिथेच बसून राहत नाही. पाऊस सुरू झाला की ते आधी शेजारच्या अळवाच्या, हळदीच्या मुळांशी पोचतं आणि मग जांभ्या दगडातून झिरपत खाली जातं. आगरात विहीर किती लांब असते? आमची वीस पावलांवर आहे, आणि घर तिचंच पाणी पितं. रॉकेलचंही तेच.

जाळणं तर त्याहून वाईट. ओला बुंधा पेटत नाही. वाळलेला पेटला तर आग मुळांच्या वाटेने जमिनीखाली धुमसत राहते, वरून राख थंड दिसते, आणि दोन दिवसांनी भलतीकडेच धूर निघतो. फाल्गुन-चैत्रात, भोवती वाळकं गवत आणि पलीकडे काजूची बाग असताना हा खेळ कुणी करू नये.

जेसीबी नको, एवढं मात्र खरं. आमच्या पाखाडीच्या अरुंद वाटेतून तो येतच नाही, आणायचा तर दगडी गडगा पाडावा लागेल. पण मजुरी टळत नाही. झाड तोडतानाच चार-पाच फूट खोड उभं ठेवा, नंतर तेच तरफेसारखं कामी येतं. पाऊस ओसरताना, माती मऊ असताना भोवतीने खणा. मुळांवरची माती पाण्याने धुऊन काढा, नाहीतर कुऱ्हाडीची धार जाते. बाजूची मुळं तोडून झाली की वर दोर बांधून हलवा. फणसाला आम्हाला चार दिवस लागले, माडाला एक सकाळ.

आता ‘झाड कुठलंही असो’. फणस, शेवगा, साग बुंध्यातून पुन्हा फुटतात. बुंधा लगेच काढता येत नसेल तर प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच मोडत राहा, हळूहळू मुळांतला साठा संपतो. माड-पोफळीचा कोंब एकच, तोही शेंड्याला. तोडल्यावर ते मेलेच, त्यांना मारायला काहीच घालावं लागत नाही. मुळंही बारीक, झुपक्याने वाढणारी, त्यामुळे खणायला सोपी. पण माडाचा बुंधा कुजत ठेवणं धोक्याचं, कारण गेंड्या भुंगा अशाच कुजक्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात अंडी घालतो. मोठा झालेला भुंगा उभ्या माडाचा कोंब पोखरतो, मग झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या बाहेर येतात. म्हणजे संदेशातला भुसभुशीत बुंधा खरंच मिळाला, तरी तो शेजारच्या माडांच्या मुळावर येईल.

आमचा एक बुंधा कामाच्या गडबडीत दोन पावसाळे राहून गेला होता. फोडला तेव्हा आत अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. सगळ्या वेचून कोंबड्यांपुढे टाकल्या आणि उरलेला भुसा त्याच दिवशी उन्हात पसरला.